श्याओमानच्या शब्दांचं माप

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो, आणि मला स्वस्थ पडून राहता येत नाही. बंद असलो तरी आत काहीतरी फिरतच असतं.

चीनमधल्या चेंगडू शहरातल्या एका बालवाडीत फानबाई मला घेऊन जायच्या. चार-पाच वर्षांची मुलं किती वेगवेगळे शब्द वापरतात, हे त्यांना मोजायचं होतं. चटईवर खेळण्यातली चूल, कढई, लाकडी भाज्या मांडायच्या, मला सुरू करायचं आणि मुलांना बोलतं करायचं. घरी जाऊन माझ्यातलं ऐकून त्या सगळं कागदावर उतरवायच्या. "तुझ्यावाचून माझं पान हलत नाही," म्हणत मला पुसायच्या. मी फुलून जायचो.

एके दिवशी श्याओमान आली आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. बटाट्याला रागावली, भाजीत मिरच्या ओतल्या. फानबाईंनी खेळातल्या ताटात मिरची बेतानेच वाढून घेतल्यावर, "एवढीशीच मिरची? आजारी आहात का?" असं विचारलं. माझी कॅसेट संपली तरी बया थांबेना. तिच्यामागून च्यूफंग नावाचा मुलगा आला. तो मोजकं बोलला आणि "घरी जायचं" म्हणून गप्प बसला.

वेगळे शब्द भागिले एकूण शब्द, असा बाईंचा हिशेब. थोडं बोललेला च्यूफंग पहिला आला आणि श्याओमान शेवटची. बाईंनी तिच्या आजीला हळूच सांगितलं, की मुलीचा शब्दसाठा तोकडा दिसतो, डॉक्टरांना दाखवून घ्या.

अहो, तिचे सगळे शब्द माझ्या पोटात होते! पण मला कोण विचारतो? आजी हादरली. पोरीचे आईबाप दूरच्या शहरात कारखान्यात, नात हिच्या भरवशावर. तिने श्याओमानला बजावलं, की तेच तेच बडबडायचं नाही, जपून बोलायचं.

पुढच्या खेपेला आजीही सोबत आली आणि श्याओमान कढई धरून बसली. एक शब्द बोलायची आणि आजीकडे बघायची. माझी फीत रिकामीच फिरत होती. संताप कशाचा आला सांगू? घरी उतरवून मोजल्यावर तिचा आकडा वर गेला आणि फानबाई खूश झाल्या.

मग त्यांनी मला पुन्हा एकदा लावून नीट ऐकलं. नुसती घरघर, मग "कढई". पुन्हा घरघर. बाईंचं हसू मावळलं. त्यांनी जुन्या कॅसेटा काढल्या आणि दोन्ही मुलांच्या बोलण्यातले सारख्याच संख्येचे शब्द घेऊन त्यांत वेगळे किती ते मोजलं. श्याओमान कितीतरी पुढे निघाली. जास्त बोलणाऱ्याचे जुने शब्द फिरून येणारच, हे बाईंनी धरलंच नव्हतं. त्यांनी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी त्या आजीला म्हणाल्या, "चूक पोरीची नाही, आजी. माझं मापच चुकलं. तिला बोलू द्या."

"बाई, गप्प करायला मला एक दिवस लागला," आजी म्हणाली. "आता बोलती कशी करू?"

श्याओमान चटईवर बसली. मी सुरू झालो. तिने कढई उचलली आणि आजीकडे पाहिलं.

"आजी, किती बोलू?" तिने विचारलं.

आजी गुडघे धरत तिच्याशेजारी खाली बसली. "मला कडकडून भूक लागलीय. माझं पोट भरेपर्यंत बोल."

ती बोलली, मित्रांनो. पण मध्येच थांबायची, आजीचा चेहरा बघायची, मग पुढचं बोलायची. आज मी कपाटात धूळ खात पडलोय, माझं राहू द्या. तुमची धाकटी भावंडं बोलत असतील तेव्हा एवढंच करा. त्यांना असं थांबून तुमच्या तोंडाकडे बघायला लावू नका.