प्रदीपचा रिदिम

तो रिदिम माझा होता. वाजवला प्रदीपनं, पण दोन महिने आंबीच्या कंपनीबसमध्ये कानात घालून फिरले मी, म्हणून माझा. रिदिम म्हणजे गाण्याच्या खालचं नुसतं वाजप, ड्रम आणि बेस. वरचे शब्द ज्याचे त्यानं आणायचे. मी कंपनीत पार्ट तपासते. खोट दिसली की लाल शिक्का मारते, आणि घरचे म्हणतात, बोलतानाही मारते. त्या रिदिमवर मी आयुष्यातलं पहिलं गाणं लिहिलं आणि रविवारी सकाळी ते रेकॉर्ड करायला सोमाटण्याला गेले.

प्रदीपचा स्टुडिओ म्हणजे पिठाच्या गिरणीवरची खोली. गिरणी थांबली की रेकॉर्डिंग सुरू. दार ढकललं तर आत माझाच रिदिम वाजतोय आणि त्यावर तळेगावच्या मुकुलनं आधीच म्हणून ठेवलेलं गाणं! कोपऱ्यात शकुबाई आपल्या पाळीची वाट बघत बसल्या होत्या. आंबीच्या विहारात भीमगीतं गातात त्या.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"अगं प्रतीक्षा, जमैकात असंच असतं," प्रदीप म्हणाला. "रिदिम एक, गाणारे अनेक. प्रत्येकाचं गाणं वेगळं."

"मग मला जमैकाचं तिकीट काढून दे. इथं एक तर माझं गाणं राहील, नाहीतर यांची."

प्रदीपचा चेहरा पडला. शकुबाई मात्र गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"तुमचं भांडण चालू द्या. गिरणी बंद हाय तवर मी म्हणून घेते."

डोक्यावरच्या पदरावरूनच त्यांनी हेडफोन चढवला. मला हसू आलं, आणि मग त्या गायला लागल्या.

"बोट धरून साळंला नेई, दारापाशी उभी राही,
माय माझी आत कधी येत न्हाई."

या रिदिमची पहिली मात्रा रिकामी असते. ड्रम तिथं वाजतच नाही. मला ती जागा भकास वाटायची, म्हणून मी तिथं शब्द कोंबले होते. मुकुलनंही तेच केलं होतं. शकुबाई तिथं दर वेळी गप्प राहत होत्या. आणि त्या गप्प राहिल्या की मला ती माय दिसत होती, दाराबाहेर उभी. दोन महिने रोज ऐकलेलं वाजप मी पहिल्यांदाच ऐकतेय असं वाटलं. एवढं मोठं काहीतरी त्यात होतं आणि मला पत्ताच नव्हता.

गाणं संपलं. मग प्रदीप माझ्याकडे बघून दबकत म्हणाला, "बरं, तुझं म्हणणं असेल तर ही दोन्ही काढून टाकतो."

त्याचा हात माउसकडे गेला. मी त्याचं मनगट धरलं.

"हात लावून तर बघ!"

शकुबाईंनी हेडफोन काढून माझ्यापुढे धरला.

"ये पोरी. आता माज्या चालीवर तुजं काय हाय ते म्हण."

'माज्या चालीवर' म्हणाल्या, तेही माझ्याच रिदिमला. मी भांडायला तोंड उघडलं, आणि हेडफोन कानावर चढवला.

"व्हय, मावशी," म्हणाले आणि माइकपुढे उभी राहिले.