कोल्ह्याले दिसत नाही

मी एक जुना कोल्हा आहे, मित्रांनो. जंगलातला नाही, गांधीबागेतल्या ड्रेसवाल्याच्या दुकानातला. शाळेच्या गॅदरिंगले भाड्यानं जातो.

दुकानात शिवणकाम करणाऱ्या मीराबाईनं मले शिवलं. अंग ब्लँकेटचं, डोकं कागदाच्या लगद्याचं. डोळे मोठे, चमकदार, पण नुसते रंगवलेले. पाहासाठी नाकाखाली बोटभर फट. तिच्यातून आतल्या पोट्ट्याले फक्त स्वतःचे बूट दिसतात.

दुकानाचे मालक गोपाळराव म्हणाले, "बाई, याले दिसन कसं?"

ती म्हणे, "त्याले काय पाहाचं आहे? लोकं त्याले पाहातीन."

मले एकच काम. परीकथेच्या नाटकात राजकन्या जंगलात हरवते. मी येतो, म्हणतो, "माह्या मागं ये." नदी पार करून देतो, राक्षसाले फसवाची युक्ती सांगतो, महालाच्या दारापर्यंत नेतो. ती आत जाते, टाळ्या वाजतात, अन् मी उलटा फिरतो. कोल्हा मंग कुठी जाते, जेवते का, कोणीच विचारत नाही. गोष्टीतला कोल्हा असो, हरीण असो का पोपट, आम्हा वाटाड्यांचं सारं असंच. पोरीले घर भेटते. आम्हाले वापस जंगल.

आता खरं सांगतो. वाट मी कधीच दाखवली नाही. हरवलेली पोरगीच माहा पंजा धरे अन् हळूच मले ओढत ने. खाली बसलेल्यांले वाटे, कोल्हा नेऊन राहिला. अशी किती वर्षं गेली. रंग उडाला, शेपटी दोनदा शिवली, घामाचा वास बसला. मले धुवाची गोष्ट कोणी काढत नाही.

या साली रामदासपेठेतल्या एका शाळेत गेलो. देताना गोपाळरावांनी नाटक बसवणाऱ्या मॅडमले बजावलं, "पोरीले सांगा, पंजा सोडू नको म्हणा." पण तालीम साऱ्यांनी माह्याशिवाय केली होती. तेव्हा कोल्हा झालेला पोट्टा मस्त पुढं चाले, त्याले सारंच दिसे!

माह्या आत होता हर्षित, सहावीतला. मागच्या साली तो झाड झाला होता अन् स्टेजवरून खाली पडला. तेव्हापासून सारी शाळा त्याले 'धप्प' म्हणते. माहं डोकं चढवल्या चढवल्या तो आत पुटपुटला, "यावेळी पडलो, त मी शाळाच सोडतो."

राजकन्या झाली होती वेदिका. तिनं मले हुंगलं अन् नाक दाबलं. "मॅडम, मी नाही धरत याले. मेलेल्या उंदरावानी वास येते."

"अबे धप्प, आंघोळ करत जा ना!" राक्षस झालेला अनिश ओरडला.

"वास कोल्ह्याचा आहे बे, माहा नाही!"

मॅडम म्हणाल्या, "वेदिका, हात धर. बस्स."

नाटक सुरू झालं. तिनं दोन बोटांनी पंजा धरला, अर्ध्या स्टेजपर्यंत. मंग सोडला अन् ओढणी सावरत महालाच्या दाराकडं निघून गेली. हर्षित अंदाजानं चालला. एक पाऊल, दोन पावलं. फटीतून दिसलं, बुटापुढं फळीच संपली होती. तो थांबला. त्याचा श्वास माह्या लगद्यावर आपटून राहिला होता. खालून कोणीतरी म्हटलं, "धप्प." हसू पसरलं.

मंग तो मोठ्यानं बोलला, नाटकात नव्हतं ते. "थांब वं राजकन्ये! मले काहीच नाही दिसून राहिलं."

वेदिका वळली. तिनं पाहिलं, त्याचा बूट कुठी आहे. धावत आली, पंजा मुठीत घट्ट धरला अन् मागं ओढलं.

"मंग इतका वेळ 'माह्या मागं ये' काहून म्हणून राहिला होता गा?"

"लिहिलं होतं म्हणून!"

सारा हॉल हसला. पण आता 'धप्प' कोणी म्हटलं नाही.

दोघं दारापाशी आले. इथूनच मी नेहमी वळतो. हर्षित वळलाही. वेदिकानं पंजा सोडला नाही. "एकटा वापस कसा जाशील? चाल आत."

इतक्या वर्षांत महालाच्या दारातून मी पहिल्यांदाच आत गेलो. आत काय होतं, सांगू? एक बाकडं, एक झाडू, वायरींचा गुंता अन् मॅडमचा थंडा झालेला चहा. वेदिकानं नाक दाबूनच माहं डोकं काढलं. पण खाली नाही टाकलं, बाकड्यावर ठेवलं, हर्षितच्या बाजूले.

आता मी वापस पेटीत आहे. थकलो आहे, मित्रांनो. मले नेलं त एक दिवस उन्हात टाका, लय काही मागत नाही. अन् कोणी तुमच्या पुढं चालून राहिला असन, त त्याच्या मागं नुसते जाऊ नका. एकदा विचारा त्याले, "तुले दिसते का गा?"