सांध्यातली हवा

"शेपूट राहू दे आता, स्टीफन. नवरीला हळद लावायला बी एवढा येळ लागत न्हाई."

कल्याण असं म्हणाला तरी स्टीफन साळवेचा हात थांबला नाही. गुडघ्यांवर टॉवेल, टॉवेलवर चार फुटी पंखांचं लाकडी विमान आणि बोटांत ओला पॉलिशपेपर.

"एवढा एक हात मारतो. झालंच."

"मागल्या साली बी असंच म्हणला हुता."

सोनईबाहेरच्या मुरमाड माळावर छोट्या विमानांची शर्यत भरली होती. रिमोटवर विमान उडवायचं, लांब रोवलेल्या दोन खांबांभोवती ठरलेले वळसे घालायचे, ज्याचे आधी संपतील तो जिंकला. पुण्या-नाशकाकडची पोरं गाड्या भरून आली होती. डोकी पिकलेले हे दोघेच. स्टीफन नगरला तंत्रनिकेतनात सुतारकाम शिकवून निवृत्त झालेला, राहायला तिथल्याच सावेडीत. कल्याणचं सोनईत टीव्ही दुरुस्तीचं दुकान. विमान स्टीफनने करायचं आणि कल्याणने उडवायचं, असं दोघांचं कधीचं ठरलेलं. पण स्टीफनचं करणंच कधी संपलं नव्हतं. कल्याण दुसऱ्यांची विमानं उडवून कप आणायचा आणि स्टीफनला दाखवायचा.

यंदा मात्र पुढच्या वर्षावर ढकलण्याची सोय नव्हती. कल्याणला काचबिंदू झाला होता. ऊन डोक्यावर असेपर्यंत त्याला आभाळातलं विमान दिसायचं, ऊन कललं की विरून जायचं. "एकदा तुझं इमान उडवतो, मंग रिमोट ठिवून देतो," हे त्याने दिवाळीतच सांगून टाकलं होतं.

म्हणून तर स्टीफनने जीव ओतला होता. पळत्या विमानाचा खरा वैरी हवाच, हे त्याने लायब्ररीतल्या पुस्तकांतून वाचलं होतं. जिथे दोन भाग जुळतात तिथे हवा गुंतते, भोवरे करते आणि विमानाला मागे ओढते. म्हणून त्याने शेपटीला तीनऐवजी दोनच पाती ठेवली होती, जनावराने कान टवकारावेत तशी. जोड जेवढे कमी तेवढी ओढ कमी. पंख-शेपटीवरच्या हलणाऱ्या पट्ट्यांच्या फटीसुद्धा त्याने आतून पातळ टेपने बुजवल्या होत्या.

"साळवेकाका, पहिल्या फेरीत तुमचा नंबर आलाय," पूजा सांगत आली. इंजिनिअरिंगला शिकणारी ही मुलगी शर्यतीची व्यवस्था बघत होती.

कल्याणने विमान घ्यायला हात पुढे केला. देता देता स्टीफनचं बोट पंखाच्या मुळाशी गेलं, अंगाला पंख जुळतो तिथे. केसाएवढा उंचवटा लागला. डोळ्याला दिसत नव्हता, पण होता.

"थांब, कल्याण. इथं हवा अडकणार."

"अडकू दे की! तिला कुठं मुक्कामाला ऱ्हायाचंय?"

"दुसऱ्या फेरीत उडवू. तेवढं लांबी भरून सारखं करतो."

कल्याणने हात मागे घेतला.

लांबीचा लगदा वाळायला वेळ लागला. मग ती घासली. एक बाजू सारखी झाल्यावर दुसरी उणी वाटू लागली, म्हणून तिथेही भरली. मध्येच मरियाचा, त्याच्या बायकोचा, फोन आला.

"उडलं का?"

"थोडं राहिलंय."

"तुमचं थोडं मला ठाऊक आहे. लग्नाचा कोट शिंप्याकडून मनासारखा होईना म्हणून शेवटी लेकीच्या बाप्तिस्म्याला घातलात. कल्याणभाऊंना दोन घास खायला तरी द्या."

दुपारी पूजा पुन्हा आली. "काका, लांबी ओली दिसतेय. तुमचा नंबर अगदी शेवटी लावू का?"

"लाव, लाव. बरं होईल," स्टीफन घाईने म्हणाला. कल्याण शेजारीच बसला होता. त्याला विचारायचं स्टीफनला सुचलंही नाही.

नंबर आला तेव्हा सावल्या माळभर पसरल्या होत्या. विमान आरशासारखं झालं होतं. स्टीफनने ते दोन्ही हातांनी उचललं. "आता घे. आता कुठंच काही नाही."

कल्याणने रिमोट हातात घेतला, डोळे बारीक केले.

"लांबचा खांब कुठं हाय रं?"

स्टीफनने बोट दाखवलं. कल्याण बराच वेळ तिकडे बघत राहिला. मग त्याने रिमोट खाली ठेवला.

"न्हाई जमायचं."

"पडलं तर पडू दे. खरंच पडू दे, कल्याण. तू उडव."

"तुझं लाकूड पडंल ते पडंल. समोर पोरं हायती, स्टीफन. एखाद्याच्या डोक्यात बसंल."

पूजा हळूच म्हणाली, "काका, मी उडवू का?"

स्टीफनने नकारार्थी मान हलवली. हे त्याने कल्याणच्या हातांसाठी केलं होतं.

कल्याणला घरी सोडायला स्टीफनने स्कूटर काढली. विमानाचे पंख सुटे होत नव्हते. स्क्रूच्या डोक्यांवर हवा अडते म्हणून त्याने ते कायमचेच चिकटवून टाकले होते. मागे बसून कल्याणने अख्खं विमान दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं. रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग होती. ती संपली, रस्ता मोकळा झाला आणि स्कूटरने वेग घेतला.

"स्टीफन."

"काय रे?"

"उचलतंय. मला वर वढतंय बघ."

स्टीफनने वेग आणखी थोडा वाढवला.

"आन् थरथर न्हाई. कुठंच न्हाई. लई साफ झालंय रं."

आरशात कल्याणचा चेहरा दिसत होता. डोळे मिटलेले, हात वर ताठ.

कल्याणच्या घराकडे वळायची गल्ली आली. स्टीफनने स्कूटर वळवली नाही. गल्ली मागे पडली, तरी कल्याणने विमान तसंच वर धरलेलं होतं.