शेगडीशेजारचं विमान

विनिफ्रेडमावशीचे गुडघे थंडीत फार कुरकुरायचे, म्हणून तिला प्रवासात उबदार आसन मिळावं यासाठी लोरेनाने आपलं छोटं विमान रात्रभर मावसभावाच्या शेडमध्ये, शेगडीशेजारी ठेवलं. एरवी ते बाहेरच उभं असायचं, पंखांवर खोळ घालून. सकाळी इंजिनाला तेवढी ऊब दिली की झालं. पण मावशीचे लाड करायचे तर काहीतरी जास्तीचं हवंच ना.

मावशीच्या मांडीवर बोचकं होतं. त्यात नातीच्या लग्नाचे बूट, मूस हरणाच्या कातड्याचे, मणी जडवलेले. डोळ्यांची वाट लावून तिने ते शिवले होते. लग्न युकॉन नदीच्या वरच्या अंगाला, दुसऱ्या गावात, दुपारचं. तिथल्या धावपट्टीला दिवे नाहीत, त्यामुळे हिवाळ्याचा तो मूठभर उजेड आहे तोवरच पोचायला हवं होतं.

विमान बाहेर ओढलं तेव्हा बर्फ भुरभुरत होता. मावशीला चढवेपर्यंत पंख पांढरे झाले. लोरेनाने केरसुणीने ते झटकले, भावाने खालून 'निघ' म्हणून हात केला. निघता निघता तिने सवयीने हातमोजा काढला आणि पंखावर तळवा फिरवला.

तळव्याला खरखर लागली. उबदार पंखावर पहिला बर्फ वितळला होता आणि गारठ्यात पुन्हा गोठून चिकटला होता, डोळ्यांना न दिसणारा. असा पंख जमीन सोडतो आणि वर गेल्यावर दगा देतो. बाहेर ठेवला असता तर कोरडा बर्फ झटकताच उडून गेला असता. लोरेनाला स्वतःचाच भयंकर राग आला.

"मावशी, उतर. विमान परत आत घेते. पंख पुसून कोरडे करायचे, मग दार उघडं टाकून थंड होऊ द्यायचे."

"थंडच करायचं होतं तर शेगडी कशाला पेटवलीस?"

"तुझ्या गुडघ्यांसाठी."

"माझ्या गुडघ्यांना पंख नाहीत, पोरी."

मग मावशी शेडमध्ये बसून, आमच्या वेळी बर्फगाडी ओढणाऱ्या कुत्र्यांना पुसावं लागत नसे, असं भावाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलत राहिली. लोरेना पंख पुसता पुसता बाहेरच्या उजेडाकडे बघत होती. उशीर झाला तर झाला, पण या पंखांवर मावशीला नेणार नाही, हे तिचं ठरलं होतं.

पंख गार झाले तोवर बर्फही थांबला होता. त्या गावी उतरले तेव्हा झाडांवरचा उजेड ओसरत होता. चर्चमध्ये पाद्री जांभया देत होते, नवरदेव तोंड पाडून बसला होता, आणि नवरी लोकरी मोज्यांवर उभी होती. आजीचे बूट आल्याशिवाय पाय उचलणार नाही, असं तिने सगळ्यांना बजावलं होतं. मावशीने स्वतःच्या हातांनी ते तिच्या पायांत चढवले आणि दोघी रडून मोकळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी परतताना रात्रीच्या बर्फावर ऊन छान पडलं होतं. निरोप द्यायला आलेला नवरदेव म्हणाला, झटकलंय ना सगळं, निघा आता. पायरीवर चढलेली मावशी पुन्हा खाली उतरली. वरचे पंख तिच्या हाताला येईनात, म्हणून ती मागे गेली, हातमोजा काढला आणि शेपटीच्या पंखावरून तळवा सावकाश फिरवला.

"लोरेना, इथे खरखरतंय. पूस," ती म्हणाली. "मला अजून दोन नातींचे बूट शिवायचेत."