फुटली की आपटली

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत एक नियम आहे आणि त्या नियमाने माझ्या घरात माती कालवली. खरं तर मीच कालवली, पण नियमाला दोन शिव्या घातल्या की जरा बरं वाटतं. नियम असा: शब्दाच्या अर्थाखाली जे वाक्य छापायचं, ते कोणीतरी खरोखर तोंडाने बोललेलं हवं. बोलणाऱ्याने म्हटलं तसंच, शब्दाला शब्द. खुर्चीत बसून जुळवलेलं वाक्य संपादकबाईंना दुरून कळतं. "हे तुम्ही पाडलंय," म्हणतात आणि कागद परत सरकवतात.

या खेपेला माझ्या वाट्याला 'लाट' हा शब्द आला. म्हटलं, चुटकीसरशी उरकू. उष्णतेची लाट, थंडीची लाट, साथीची लाट, निवडणुकीतली लाट, संतापाची लाट, सगळ्यांची वाक्यं पोत्याने मिळाली. अडलं ते पहिल्याच अर्थाशी, समुद्रातल्या खऱ्याखुऱ्या लाटेशी. ती येते, उठते, ओसरते, इथवर ठीक. पण दगडांशी येऊन मोडते, पांढरीफटक होते, तेव्हा लोक काय म्हणतात? आदळते? आपटते? फुटते? माझं मत 'फुटते'. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांचं मत 'आपटते', आणि हा माणूस एकदा मताला चिकटला की चिकटला. चहा गार होईपर्यंत आम्ही दोन घोडे भांडायचो. शेवटी बाई वैतागल्या. "फुटते असं कोणी बोललेलं आणा, छापते. नाही तर आपटू दे," म्हणाल्या. छापील पुस्तकांत हव्या तेवढ्या लाटा फुटत होत्या, पण माणसाच्या तोंडची एक मिळेना.

आता ताईचं सांगतो. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. भाऊजी बंदरात विजेची कामं करायचे. धक्क्याच्या टोकाला बोटींसाठी दिवा असतो, तो त्यांच्याकडे होता. वादळात तो दिवा गेला म्हणून ते धक्क्यावर गेले आणि लाटेने त्यांना नेलं. ताई तेव्हा धक्क्याच्या अलीकडच्या टोकाला उभी होती. एवढंच आम्हाला माहीत, कारण त्या दिवसाबद्दल ताई चकार शब्द बोलली नव्हती. रडलीही नाही. घरी बसून कपडे लहानमोठे करून द्यायचं तिचं काम तेवढं चालू होतं. जेवण नावाला, झोप त्याहून नावाला.

भाची रडकुंडीला आलेली. मला म्हणाली, "मामा, डॉक्टर म्हणतात तिला बोलतं करा. माझ्याशी ती नाही बोलणार. माझ्यासमोर तिला खंबीर राहायचं असतं. तुझ्याशी बोलेल. तू नुसता जाऊन बस. काही विचारू नकोस आणि शहाणपणा करू नकोस."

बघा! पोरीने मामाला किती बरोबर ओळखलं होतं.

मी दर रविवारी दुपारी जाऊन बसू लागलो. ताई मशीनपाशी, मी पलंगाच्या कडेला. मधे कापडाच्या चिंध्या, दोऱ्याची रिळं, लोकांच्या पँटी. गेल्या रविवारी ती एका पँटची खालची दुमड उसवत होती. टाका उचलायचा, कापायचा, ओढायचा. मधेच, मान वर न करता, ती म्हणाली, "त्या दिवशी ना, मी त्यांच्या मागोमाग गेले होते."

शप्पथ, मी श्वाससुद्धा जपून घेत होतो.

"ते टोकाला पोचले. वळून बघितलं त्यांनी. लाट फुटली ना, तेव्हा ते माझ्याकडेच बघत होते. आणि मी..."

"थांब, थांब," मी म्हणालो. माझा हात खिशात गेलासुद्धा होता. "फुटली म्हणालीस की आपटली?"

ताईने मान वर केली. "काय?"

"लाट गं. फुटली म्हणालीस ना?"

तिने हातातली कात्री खाली ठेवली. मग म्हणाली, "फुटली."

आणि मी तिचं अख्खं वाक्य लिहून घेतलं! खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. शेजारच्या टेबलाची जिरवली, हा पहिला विचार. कागद घडी करून खिशात ठेवला आणि वर तोंड करून म्हणालो, "हं, बोल पुढे."

"काही नाही रे," ताई म्हणाली. "चहा टाकते."

जिना उतरताना माझी ट्यूब पेटली. तिथेच पायरीवर बसकण मारली. वाटलं, परत वर जावं, पाय धरावेत. गेलो नाही. आणि निर्लज्जपणाची कमाल पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी तोच कागद मी बाईंच्या टेबलावर ठेवला. बाई खूश झाल्या. "याला म्हणतात वाक्य! कोणाचं?"

"एका बाईंचं," मी म्हणालो. सख्खी बहीण, आणि एका बाईंचं!

तपासायला छापील पान आलं तेव्हा ते वाक्य ठळक अर्थाखाली नीटनेटकं बसलेलं दिसलं. मी डबा न खाता तसाच बंद केला. तेवढ्यात भाचीचा फोन. "मामा, तू काय केलंस? आई म्हणते, मामाला म्हणावं रविवारी येऊ नकोस. त्याची कामं असतात."

मी उठून बाईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी पेन उचललं, वाक्यावर आडवी रेघ मारली. मला वाटलं झापतील. "इथे माझ्यासमोर काय उभे आहात?" एवढंच म्हणाल्या. "बहिणीकडे जा."

दार ताईनेच उघडलं. मी चपला काढता काढताच म्हणालो, "ताई, चुकलो गं."

"चुकलासच," ती म्हणाली आणि मशीनपाशी जाऊन बसली.

"तुझं वाक्य पुस्तकात घातलं होतं मी. न विचारता. आता काढून टाकलं."

"का काढलंस? खोटं थोडंच होतं? फुटलीच होती लाट."

तिच्या आवाजात राग नव्हता. चेहराही उतरलेला नव्हता, उलट जरा तजेला होता. त्याने मी जास्तच घाबरलो.

"पुढचं सांग ना, ताई. आज कागद नाही, पेन नाही. वाटल्यास खिसे तपास. मी तोंडातून ब्र काढणार नाही."

"सांगितलं मी."

"कोणाला?"

"कोपऱ्यावर इस्त्रीवाली आहे ना, तिला. शिवलेले कपडे द्यायला गेले होते. तिने सहज विचारलं, घरी कोण कोण असतं, आणि माझ्या तोंडून सगळं बाहेरच पडलं बघ. बिचारीने इस्त्री बाजूला ठेवली, मला स्टुलावर बसवलं, आणि ऐकत राहिली. मी खूप रडले रे. काल मला झोपही लागली."

मला बरं वाटलं, अगदी मनापासून वाटलं. हेच तर हवं होतं आम्हाला. तरी विचारल्याशिवाय राहवेना.

"मला नाही सांगणार?"

ताईने पँट उलटी केली, शिवण बोटांनी चाचपली. "ते एकदाच सांगता येण्यासारखं होतं. परत नाही जमायचं मला." मग म्हणाली, "इतके दिवस तुझ्यासाठीच ठेवलं होतं रे."

भाऊजींनी शेवटचं वळून बघितलं तेव्हा ताईने काय केलं, हे तिला माहीत आहे आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवालीला. मला, तिच्या पाठच्या भावाला, ते कधीच कळणार नाही.