रिकामा रकाना

मी बोलतोय, पण आवाज जरा खालीच ठेवतो. मोठ्यानं बोलण्यासारखं तोंड राहिलेलं नाही माझं. मी एक रबरी शिक्का. लाकडी मूठ, खाली रबराची पट्टी आणि पट्टीवर एकच शब्द, ‘अपूर्ण’.

एका अरुंद दुकानात माझा जन्म झाला. शिक्के करणाऱ्यानं माझी अक्षरं उलटी कोरली, कागदावर उमटवून पाहिली आणि म्हणाला, "झकास! दहा वर्षं मरण नाही याला." मी तेव्हाच फुशारलो.

तिथून मी आलो मोफत कायदेशीर मदतीच्या ऑफिसात. घरात मारहाण होते आणि वकील करण्याची ऐपत नाही, अशा बायका इथे अर्ज घेऊन येतात. बहुतेकींच्या कडेवर एक, बोटाला एक. खोली ती केवढी! एक डुगडुगणारं बाकडं, कोपऱ्यात चाक निघालेली खेळण्यातली गाडी आणि टेबलामागे माझे मालक, म्हणजे इथले कारकून. सगळे त्यांना काका म्हणतात. काका माणूस वाईट नाही. कुणाकडून कधी घोटभर चहासुद्धा घेतलेला नाही. पण भयंकर काटेकोर. अर्जावर बोट ठेवून वरून खाली यायचे, आणि एखादा रकाना कोरा दिसला, की मान वर न करता हात माझ्याकडे. ठप्प! "रकाना रिकामा, अर्ज अपूर्ण. चला, पुढे!"

आणि खरं सांगतो, मला आवडायचं ते. मी ठप्पकन आदळलो की समोरची बाई दचकायची. मला वाटायचं, काय आपला दरारा! दचकण्याची सवय तिला कुठून लागली असेल, हा विचार माझ्या रबरी डोक्यात कधी शिरलाच नाही.

एका सकाळी ती आली. कडेवर सव्वा वर्षाचं बाळ, बोटाला पाच वर्षांची मुलगी. ओठ सुजलेला. अर्ज मात्र सुवाच्य अक्षरात भरलेला. फक्त ‘सध्याचा पत्ता’ हा रकाना कोरा.

काकांनी मला उचललं. ठप्प!

"काका, तो मुद्दाम सोडलाय," ती हळूच म्हणाली. "मावशीकडे लपून राहिलेय मी. नवऱ्याला कळलं तर..."

"अहो ताई, पत्ताच नाही तर पत्र कुठे पाठवायचं? आमच्या डोक्यावर? भरून आणा. पुढे!"

तिच्या पोरीनं तोवर कागदात डोकं घातलं होतं. "आई, हा अ! मला येतो!" तिनं तळहात पुढे केला. "माझ्या हातावर पण उठवा ना." काका चक्क हसले आणि मला हलकेच तिच्या हातावर टेकवलं. इवलासा तळहात, त्यावर ‘अपूर्ण’. ती बाकड्यावरच्या सगळ्या बायकांना हात दाखवत सुटली. तिची आई पेन धरून कितीतरी वेळ कागदाकडे बघत बसली होती. मग तिनं पत्ता लिहिला. गल्ली, घर, जिना कुठल्या बाजूला, सगळं.

मी समोरच होतो. शिक्क्याला बोलता येत नाही, मान्य. पण मला वाईट तरी वाटायला हवं होतं की नाही? नाही वाटलं. ‘आली ना वठणीवर,’ असं वाटलं. आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

इथली रीत अशी, की नवऱ्याला नोटीस पाठवताना सोबत अर्जाची प्रत जोडायची. काकांनी जोडली. रोज जोडतात तशीच. पिन मारली, पाकीट चिकटवलं.

आठव्या दिवशी ती परत आली. डावा हात प्लास्टरमध्ये. उजव्या हाताच्या बोटाला मुलगी. कडेवर कुणी नव्हतं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं सांगितलं, की भरदुपारी तो मावशीच्या दारात येऊन उभा राहिला. त्याच्या हातात अर्जाची प्रत होती आणि पत्त्याखाली रेघ मारलेली होती. त्यानं तिचा हात पिरगळला, बाळाला उचललं आणि निघून गेला. "तुम्हीच म्हणालात ना काका, पत्ता लिहा? लिहिला मी."

आतल्या केबिनमधून इथल्या वकीलबाई आल्या. त्यांनी सगळं ऐकलं, अर्ज पाहिला आणि कपाळावर हात मारला. "अहो काका, त्या रकान्यात आपल्या ऑफिसचा पत्ता टाकायचा ना! टपाल इथं आलं असतं. एवढं साधं!"

एवढं साधं. रकाना कोरा का ठेवलाय, हे विचारायला किती वेळ लागला असता? मला आदळायला लागतो तेवढाच.

वकीलबाईंनी त्याच दिवशी कोर्ट गाठलं. बाळ मिळालं, पण एकोणिसाव्या दिवशी. तोवर आईचं दूध आटलं होतं. ती घ्यायला गेली की बाळ अंग ताठ करून रडायचं.

हे कानावर आलं त्या संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर काकांनी ड्रॉवरमधून ब्लेड काढलं. मला वाटलं, आता आपण कचऱ्यात. पण त्यांनी मला उलटं धरलं आणि माझा ‘अ’ सोलून काढला. दुखलं. दुखायला हवं होतं त्याहून कमीच दुखलं.

आता मी ‘पूर्ण’ असा उमटतो, डावीकडे थोडी जागा सोडून. आता काका आधी मान वर करतात आणि विचारतात, "ताई, हे कोरं का ठेवलंय?" गरज असेल तिथे ऑफिसचा पत्ता स्वतः लिहितात आणि मगच मला हळूच टेकवतात. आम्हाला शहाणपण आलं खरं, पण ते तिच्या हाडावर आणि तिच्या दुधावर आलं. म्हणून ज्यांच्या ज्यांच्या हातात शिक्का आहे, त्यांना हात जोडून सांगतो, कोरी जागा दिसली तर आधी समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघा हो.

परवा ती कोर्टाच्या पुढच्या तारखेसाठी आली होती. बाळ मावशीच्या कडेवर होतं. पोरीनं मला लगेच ओळखलं. "काका, हातावर!"

काकांना नाही म्हणवेना. त्यांनी मला तिच्या तळहातावर टेकवलं. तिनं हात डोळ्यांजवळ नेला.

"अ कुठे गेला?"

"चुकला होता गं. काढून टाकला."

"थांबा, मला येतो!" तिनं टेबलावरचं पेन उचललं आणि जीभ बाहेर काढून डावीकडच्या कोऱ्या जागेत नीट, वळणदार अ काढला. मग तळहात काकांपुढे धरला. "आता बरोबर झालं ना?"

मागे आईनं बाळाकडे हात पसरले होते. बाळानं मावशीचा खांदा घट्ट धरून तोंड फिरवलं.

"हो गं पोरी," काका तिकडे बघत म्हणाले. "हेच बरोबर आहे."