शिवणीतलं जास्तीचं कापड

देवाधर्माच्या नावानं आमच्या घरात पहिल्यापासून बोंब. टेलरिंगच्या दुकानात हे कापायचे, मी शिवायची. नवसाला सवड कुणाला? म्हणून ह्यांच्या फुप्फुसापुढे डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा नणंदेनं मला बुद्धाच्या वर्गाला नेलं तेही "वहिनी, यात देव नाही" असं बजावून.

शाळेची रिकामी खोली. मूर्ती नाही, उदबत्ती नाही. शिकवणारे गणिताचे निवृत्त मास्तर. म्हणाले, "बुद्धाला वैद्य समजा. आपण जे घट्ट धरून बसतो, तिथून दुःख येतं. पटत नसेल तर मानू नका. घरी जाऊन तपासा."

"आमचं उजव्या फुप्फुसातून येतं," मी म्हटलं. "रिपोर्ट आणू?"

नणंदेनं चिमटा काढला. मास्तर म्हणाले, "तो आजार झाला. त्यावर आपण आणखी काय लादतो, तेवढं बघा."

डोंबलाचं बघा, असं पुटपुटत घरी आले. हे कुशीवर तळमळत होते. "गादी टोचतेय." कधीपासून हेच चाललेलं. गादी बदलून झाली, चादर बदलून झाली, घरी येणाऱ्या नर्सशी भांडूनही झालं. आज मी सरळ अंगाखाली हात घातला. गादी मऊच होती. टोचत होता मी शिवलेला सदरा.

हे वाळत गेले तसा तो सदरा मी पुन्हा पुन्हा आत घेतला, पण कापड कापलं नाही. अंग भरलं की उसवून सैल करता येईल, म्हणून दोन्ही बाजूंना चार चार बोटं आत दुमडून ठेवलं. त्या जाड घडीनं ह्यांच्या बरगडीवरची कातडी सोलली होती.

"अहो, बोलायचं नाही का?"

"कटर आहे मी," ते दम खात म्हणाले. "हात लावल्यावरच कळलं कशासाठी ठेवलंयस ते. कसं सांगू?"

"मग काय, कापून टाकू? उद्या बरे झालात तर काय घालाल, माझं डोकं?"

माझा बांध फुटला. मला शहाणपण नको होतं, शांती नको होती. हा माणूस हवा होता.

"काप," ते म्हणाले. "माझी कात्री घे."

दुकान काढल्यापासून त्या कात्रीला त्यांनी मला हात लावू दिला नव्हता. मी सदरा उतरवला, मांडीवर घेतला आणि टाक्यालगत कापत गेले. हुंदक्यागणिक कात्री तिरकी जात होती. "सरळ काप गं," ते म्हणाले.

सदरा परत घातल्यावर ते त्याच कुशीवर वळले आणि झोपले. कापलेल्या पट्ट्या मी मुठीत धरून बसले.

मास्तरांना सांगीन, तपासलं, तुमचं खरं निघालं. आता मी काय करू, तेही सांगा.